चावडीवर बोलताना
(दहावीच्या १९९५ सालच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि आपण’ हा विषय दिला होता. एवढा मोठा विषय मांडायला गेले तर दुपारचं जेवण संध्याकाळी होईल. म्हणून त्यातला एक लहानसा तुकडा मी उचलला आहे. इंटरनेटवर पगार न घेता एकत्र काम करणारी बरीच माणसं असतात. त्यांनी एकमेकांशी कसं बोलावं, एवढंच आज बोलणार आहे.

हा तुकडा निवडायला दोन कारणं आहेत. इथून दहावी झाली, मग नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंग केलं आणि तेव्हापासून मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे. आमचं हे काम ज्या पायावर उभं आहे, त्यातला मोठा भाग जगभरातल्या माणसांनी एकमेकांचं तोंडही न पाहता मिळून लिहिला आहे. दुसरं कारण तुमच्या सगळ्यांच्या खिशात आहे, तो म्हणजे आपल्या तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप. आजचं सभागृह, जेवणाचा आचारी, हरवलेल्या मित्रांचे फोन नंबर, ही स्मरणिका, सगळं त्या ग्रुपवर ठरलं. यासाठी कुणाला एक रुपया मिळालेला नाही. म्हणजे आपणही एक ऑनलाइन स्वयंसेवी समूहच आहोत.

आपल्या भागाला श्रमदान नवीन नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी. त्याच उन्हाळ्यात पानी फाउंडेशनची पहिली स्पर्धा झाली. त्यासाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत आपल्या शेजारचं अंबाजोगाई होतं. तिथं गावंच्या गावं टिकाव-फावडं घेऊन बांधबंदिस्तीला उतरली. आता असा विचार करा, शहरातून आलेली एक मुलगी आयुष्यात पहिल्यांदा टिकाव धरते आणि चर वाकडा खणते. गावातला जाणता माणूस काय करतो? तिच्या हातातला टिकाव घेतो, दोन घाव घालून दाखवतो आणि परत तिच्याच हातात देतो. चारचौघांत तिला ‘घरी जा, हे तुझं काम नाही’ म्हणत नाही. उद्या पुन्हा हात लागणार आहेत, हे त्याला ठाऊक असतं.

इंटरनेटवरचं काम हे बोटांनी केलेलं श्रमदानच आहे. मात्र तिथं समोरच्याचा चेहरा दिसत नाही. तो दमलाय का, बावरलाय का, पहिल्यांदाच आलाय का, काही कळत नाही. दिसते ती फक्त त्याची चूक, आणि आपण त्या चुकीवर तुटून पडतो.

मराठी विकिपीडियाचं उदाहरण घेऊ. विकिपीडिया हा वाचकांनीच लिहायचा ज्ञानकोश. इंग्रजीत तो जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला आणि मराठीत १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी. त्यात कुणीही लिहू शकतं आणि कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करू शकतं. आपल्या पिढीला आवडेल अशी एक गोष्ट तिथं आहे. नव्या माणसानं लिहिण्याचा सराव करावा म्हणून एक कोरं पान ठेवलेलं असतं. इंग्रजीत त्याला ‘सँडबॉक्स’ म्हणतात. मराठीत त्या पानाचं नाव आहे ‘धूळपाटी’. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात मुलं पाटीवर धूळ पसरून बोटानं अक्षरं गिरवायची. चुकलं तर हात फिरवायचा, पुन्हा गिरवायचं. आणि सगळ्यांनी मिळून चर्चा करायच्या पानाचं नाव आहे ‘चावडी’. ही नावं ज्यांनी कुणी ठेवली, त्यांना माणसं कशी शिकतात आणि कुठं बसून बोलतात याची जाण होती.

पण नावं चांगली ठेवून भागत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी इंग्रजी विकिपीडियाचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००७ पर्यंत तिथं नियमित लिहिणारे झपाट्यानं वाढत होते, नंतर ती संख्या घसरत गेली. नव्यानं येणारी माणसं वाईट येऊ लागली का, हे त्यांनी तपासलं. तसं नव्हतं. चांगल्या हेतूनं येणाऱ्यांचं प्रमाण साधारण तेवढंच राहिलं होतं. बदललं होतं ते त्यांचं स्वागत. नासधूस करणाऱ्यांना रोखण्यासाठी आपोआप चालणारी साधनं आली होती. त्या साधनांच्या तडाख्यात नवखी, प्रामाणिक माणसंही सापडली. त्यांनी लिहिलेलं काही क्षणांत काढून टाकलं जायचं आणि वर छापील साच्यातला इशारा यायचा. पहिल्याच प्रयत्नात असं झालेली माणसं फारशी परत आली नाहीत.

गंमत म्हणजे ‘नवख्यांना चावू नका’ अशा अर्थाचं मार्गदर्शक तत्त्व तिथं लेखी होतं. समोरचा चांगल्या हेतूनंच करतोय असं आधी गृहीत धरा, हेही लेखी होतं. पण नियम पानावर असतो आणि इशारा माणसाच्या तोंडावर येतो. म्हणून २०१२ मध्ये तिथं नवख्यांसाठी ‘टीहाऊस’ नावाची जागा सुरू झाली. कुणीही यावं, साधा प्रश्न विचारावा आणि माणसाच्या भाषेत उत्तर मिळावं. आपल्याकडं चहाच्या टपरीवर जे चालतं तेच.

हे झालं लांबचं. आता आपल्याकडचं सांगते. एक ऑनलाइन समूह आपापल्या भागातल्या सणांची नोंद करत होता. त्याचं नाव मी घेत नाही, कारण असं कुठंही होऊ शकतं. माझी एक मावसबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मी तिला म्हटलं, तू येळवसेबद्दल लिही.

इथं बसलेल्यांना येळवस सांगायला नको. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूर शहरात रस्त्यावर माणूस दिसत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोपी, पांडवांची पूजा, मडक्यातली आंबील, भज्जी, उंडे. बहिणीनं सासूबाईंना शेजारी बसवून सगळं विचारलं. भज्जीत काय काय पडतं, कोपी कोणत्या दिशेला तोंड करून बांधायची, आंबील किती दिवस आधी लावायची. तीन दिवस रात्रीचं आवरून झाल्यावर ती एका अंगठ्यानं मोबाइलवर लिहीत होती.

दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘येळवस असा शब्द मराठीत नाही. शुद्ध शब्द वेळ अमावस्या. आपणास शुद्धलेखन येत नसल्यास कृपया लिहिण्याचे कष्ट घेऊ नयेत.’ मजकूर काढून टाकलेला. उत्तराखाली दोघांनी हसरे चेहरे टाकलेले.

बहीण मला एवढंच म्हणाली, ‘जाऊ दे गं, आपल्याला कुठं तसलं येतंय.’ त्यानंतर तिनं तिथं एक अक्षर लिहिलेलं नाही.

यात गेलं काय, ते नीट पाहू. उत्तर देणाऱ्याचं अर्धं म्हणणं बरोबर होतं. बाहेरची माणसं ‘वेळ अमावस्या’ याच नावानं शोधणार, तेव्हा पानाला ते नाव असलेलं बरं. पण ‘येळवस’ हा शब्दही तितकाच खरा आहे, लातूर-धाराशिवकडं लाखो लोक तोच बोलतात. कानडी मुलखाशी असलेला आपला शेजार त्या सणात आणि त्या शब्दात दिसतो. तंत्रज्ञानाला हे दोन्ही सामावून घेता येतं. अशा संकेतस्थळांवर पुनर्निर्देशनाची सोय असते. कुणी ‘येळवस’ असं शोधलं की वेळ अमावस्येचं पान उघडतं. म्हणजे संगणकात दोन्ही शब्दांना जागा होती, पण उत्तर देणाऱ्याकडं दुसऱ्या शब्दाला जागा नव्हती. आणि सासूबाईंनी सांगितलेली ती सगळी माहिती आजही फक्त बहिणीच्या वहीत आहे.

हेच उत्तर असंही देता आलं असतं. ‘ताई, इतक्या तपशिलात ही माहिती इथं कुणीच दिली नव्हती. पानाचं नाव वेळ अमावस्या ठेवू, कारण बाकीचे लोक तसं शोधतील. येळवस हे तुमच्याकडचं नाव पहिल्याच ओळीत देऊ. भज्जीची माहिती कुणाकडून मिळाली, तेही लिहाल का?’ हे लिहायला दोन मिनिटं जास्त लागली असती. चूक दुरुस्त झाली असती, बहीण टिकली असती आणि माहितीचा स्रोतही मिळाला असता.

मराठीपुरता एक मुद्दा इथं सांगायला हवा. सभ्यता म्हणजे ‘आपण’ आणि ‘कृपया’ असं आपल्याला वाटतं. बहिणीला आलेल्या उत्तरात दोन्ही शब्द होते. मराठीत ‘आपणास एवढेही समजू नये?’ असं आदरार्थी बहुवचनात एखाद्याचा पार पाणउतारा करता येतो, आणि उलट मास्तरांनी पाठीत धपका घालून ‘अरे गाढवा, परत कर’ म्हटलं तरी त्यात माया असू शकते. समोरासमोर असताना सूर ऐकू येतो. लिहिलेल्या ओळीत सूर नसतो. म्हणून लिहिताना जास्त सांभाळावं लागतं, आणि वाचताना शंकेचा फायदा समोरच्याला द्यावा लागतो.

दुसरा मुद्दा आपल्या बोलीचा. पुण्यात नोकरीला गेले तेव्हा माझं ‘करायलो’, ‘जायलो’ ऐकून लोक हसायचे. इथून बाहेर गेलेल्या प्रत्येकानं हे ऐकलं असेल. प्रत्यक्षात हसणाऱ्याला आपण दोन दिवसांनी आपलं काम दाखवतो, मग ते हसणं थांबतं. ऑनलाइन ती संधी मिळत नाही. तिथं पहिल्या ओळीवरच निकाल लागतो. त्यामुळं तिथं अशा शेऱ्यांचा सगळ्यात मोठा तोटा आपल्यासारख्या भागाला होतो. पुण्या-मुंबईबद्दल लिहिणारे दहा जण आहेत, एक गेला तर नऊ राहतात. आपल्या औराद, देगलूर, मुखेड, निलंग्याबद्दल लिहिणारा एखादाच असतो, आणि तो गेला की ते पान कोरं राहतं.

तिखट बोलण्यानं काम चांगलं होतं, असं मानणारी माणसं आमच्या क्षेत्रात पुष्कळ होती. तुमच्यापैकी ज्यांच्याकडं अँड्रॉइड फोन आहे, त्या फोनच्या गाभ्याशी लिनक्स नावाची प्रणाली आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ती सुरू केली आणि आज हजारो लोक मिळून ती लिहितात. टोरवाल्ड्स यांची बुद्धी जितकी प्रसिद्ध, तितकीच त्यांची जाहीर ई-मेलमधली भाषाही प्रसिद्ध होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतः सगळ्यांना लिहिलं की, माझ्या वागण्यामुळं काही लोक दुखावले गेले, कदाचित हे काम कायमचं सोडूनही गेले, त्यांची मी माफी मागतो. लोकांच्या भावना कशा समजून घ्याव्यात यासाठी मदत घेतो, असं सांगून त्यांनी काही आठवडे सुट्टी घेतली. त्याच सुमारास त्या प्रकल्पानं नवी आचारसंहिता स्वीकारली. ऑक्टोबरमध्ये ते परत आले. लिनक्सचं काम त्यामुळं सैल पडलेलं नाही. चुकीचा कोड आजही तितक्याच कडकपणे नाकारला जातो.

विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेनंही २०२१ मध्ये सगळ्या भाषांना लागू होणारी एक आचारसंहिता जाहीर केली. परस्परांचा आदर, सभ्यता आणि एकमेकांना मदत हा तिचा पाया आहे. दुसऱ्याचं ऐकून घेऊन त्याला काय म्हणायचंय ते समजून घ्या, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे. जगातल्या मोठमोठ्या समूहांना हे लिहून काढावं लागलं, यावरून प्रश्न किती खरा आहे ते कळेल.

आता दुसरी बाजू. जुनी माणसं तिरसट का होतात, हेही समजून घ्यायला हवं. त्यांनाही पगार नसतो. एकच प्रश्न त्यांनी शंभर वेळा ऐकलेला असतो. कुणी वर्तमानपत्रातला लेख जसाच्या तसा उचलून टाकतो, कुणी आपल्या साहेबांची जाहिरात ज्ञानकोशात घुसवतो, कुणी शिव्या लिहून जातो. नोकरी आणि घर सांभाळून रात्री अकराला ते हा कचरा उपसत असतात. मग एकशे एकावा माणूस प्रामाणिक असला तरी तोही तसलाच वाटतो. म्हणून नव्यानं येणाऱ्याचंही एक कर्तव्य आहे. आधी सूचना वाचाव्यात, धूळपाटीवर हात बसवावा आणि आपलं लिहिणं दुरुस्त झालं तर तो अपमान समजू नये. आणि जुन्यांनी दमल्यावर चार दिवस सुट्टी घ्यावी. ज्ञानकोश कुठं पळून जात नाही.

सभ्यता म्हणजे सगळ्याला ‘हो हो’ म्हणणंही नव्हे. पुरावा नसलेला मजकूर काढलाच पाहिजे. अफवा थांबवलीच पाहिजे. आषाढीच्या गर्दीत वारकरी काय करतात ते आठवा. कुणी वाटेत उभं असेल तर ‘माऊली, जरा वाट द्या’ म्हणतात. वाट हवीच आहे, आणि ती मागितलीही जाते. पण मागताना समोरच्याला माऊली म्हटलेलं असतं, त्यामुळं तो बाजूला सरकतो आणि भांडत नाही.

आणखी एक सावधगिरी. एखादी बाई तक्रार करते की अमका मला नको ते मेसेज पाठवतो, तेव्हा ‘ताई, जरा सौम्य भाषेत सांगा, ग्रुपचं वातावरण बिघडतं’ असं तिलाच सांगितलं जातं. याला सभ्यता म्हणत नाहीत. वातावरण मेसेज पाठवणाऱ्यानं बिघडवलेलं असतं, सांगणाऱ्या बाईनं नव्हे. तिथं ग्रुप सांभाळणाऱ्यानं आधी तिचं ऐकायचं आणि मग त्या माणसाला थांबवायचं.

बरीच वर्षं माझ्या कामाचा मोठा भाग दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासण्याचा आहे. त्यातून हाताशी आलेल्या चार सवयी सांगते. त्यांना संगणक यावा लागत नाही.

पहिली, शेरा कामावर द्यावा, माणसावर नाही. ‘ही ओळ इथं चालणार नाही’ आणि ‘तुला येत नाही’ यांत फार अंतर आहे. दुसरी, ‘नाही’ म्हणताना कारण सांगावं आणि पुढं काय करायचं तेही सांगावं. नुसता नकार मिळालेला माणूस तिथंच उभा राहतो आणि मग निघून जातो. तिसरी, चूक शक्यतो एकट्याला सांगावी, कौतुक चारचौघांत करावं. विकिपीडियावर २०१३ पासून एक बटण दाबून दुसऱ्याच्या एखाद्या बदलाबद्दल आभार मानता येतात. आपण मराठी माणसं तोंडावर कौतुक करायला लाजतो, आपल्याला ते बटण फार सोयीचं आहे. चौथी, राग आला की लिहावं, पण पाठवू नये. सकाळी पुन्हा वाचावं. विकिपीडियावर प्रत्येक पानाचा इतिहास जपलेला असतो. आपण रागात दिलेला शेरासुद्धा तारीख-वेळेसह तिथं राहतो, आणि उद्या आपली मुलं तो वाचू शकतात.

या चारही सवयी बोलणाऱ्यासाठी झाल्या. बघणाऱ्यांसाठी एकच सांगते. माझ्या बहिणीला ते उत्तर आलं तेव्हा त्या समूहात शेकडो माणसं होती. त्यातल्या एकानं जरी ‘ताई, छान लिहिलंय, थांबा, नाव आपण दुरुस्त करू’ म्हटलं असतं, तर ती टिकली असती. वाईट बोलणारे दोन-तीनच असतात. बाकीचे गप्प बसतात, आणि जाणाऱ्या माणसाला ते गप्प बसणं सगळ्यांची संमती वाटते.

आता आपल्या ग्रुपबद्दल. तीस वर्षांनी आपण एकमेकांना शोधून काढलं आणि पहिल्या सहा महिन्यांत त्यातले काही जण ‘लेफ्ट’ झाले. कुणी राजकारणावरून, कुणी टोपणनावावरून, कुणी नुसतं उत्तर मिळालं नाही म्हणून. शाळेत असताना आपण एकमेकांना काय काय म्हणायचो ते मला आठवतं. पण तेव्हा मधल्या सुट्टीत भांडलेली मुलं शाळा सुटल्यावर एकाच सायकलवर घरी जायची. ग्रुपवर ती सायकल नाही. म्हणून जे गेलेत त्यांना संयोजकांनी नुसती लिंक पाठवू नये. त्यांच्या जवळच्या एखाद्यानं फोन करावा आणि विचारावं, काय झालं होतं?

माझी दुसरी विनंती कामाची आहे. आपण सगळे मिळून आपापल्या गावाबद्दल मराठीत लिहू या. गावची बारव, जत्रा, वेशीतलं मंदिर, दर्गा, जुनी शाळा, नांदेडचे गोदावरीचे घाट, आपली येळवस. शिक्षक असलेल्या मित्रांनी शुद्धलेखन बघावं, वकिलांनी कागदपत्रं शोधावीत, शेती करणाऱ्यांनी ते शब्द द्यावेत जे आता फक्त त्यांच्याकडंच उरले आहेत. ते विकिपीडियावर कसं चढवायचं हे मी शिकवते, फोनवर, व्हिडिओवर, जसं जमेल तसं. अट एकच. कुणीही पहिल्यांदा काही लिहिलं की त्याला येणारं पहिलं उत्तर प्रश्नाच्या रूपात असावं. ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ ‘याचा फोटो आहे का?’ दुरुस्तीचं दुसऱ्या उत्तरात बघू.

बहिणीची ती वही मी मागितली आहे. द्यायला ती अजून तयार नाही. म्हणाली, ‘आधी तुमच्या ग्रुपवर काय होतंय ते बघते.’ तेव्हा मंडळी, पहिली परीक्षा आपलीच आहे.